माझ्या अंगावरची पितळी पाटी

मित्रांनो, मी गिटारचा एक जुना स्पीकर-डबा आहे. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर पाचेक वर्षांनी साकोलीच्या ताराचंद सुतारानं मला प्लायवूडपासून बनवलं. आत बारा इंची स्पीकर, समोर जाळी, वर उचलायला मूठ. एकोडीच्या विहारात भीमगीतं सुरू झाली की माझ्या आवाजावर म्हातारेही ताल धरायचे.

मला विहाराला दान दिलं ते अध्यक्ष मधुकररावांनी. आमच्याकडे दान दिलेल्या वस्तूवर नाव लागतंच, मग पंखा असो की पाण्याची टाकी. माझ्याही कपाळावर पितळी पाटी ठोकली: 'सप्रेम भेट, मधुकरराव'. विहाराची झाडलोट करणाऱ्या निर्मलाबाई ती रोज चिंचेच्या पाण्यानं घासायच्या. पाटी चमकत गेली आणि त्या पाण्यानं तिच्यामागचं प्लायवूड कुजत गेलं. एक खिळा ढिला झाला. मग गिटारची जाड तार वाजली की पाटी थरथरायची, झर्रर्र!

दुखणं कुठं आहे ते मला ठाऊक होतं. पण सांगू कसं? मला तोंड आहे, त्यातून बोलते मात्र गिटार.

बुद्धपौर्णिमा आली. सरिताचा गावासमोर गिटार वाजवायचा पहिलाच कार्यक्रम. वर्षभर तिची बोटं सोलून निघाली होती. दुपारी मधुकररावांनी निकाल दिला, "संध्याकाळपावतर हा झरझराट गेला नाही तं गिटार बंद. डबा धुरपताबाईले देऊन टाका, कोंबड्या ठेवाले."

कोंबड्या पाळणाऱ्या धुरपताबाईंनी तिथंच वीत लावून मला मोजलं. "दहा बसतीन. जाळी बी हाये, मुंगूस नाही घुसत!"

माझा स्पीकर थंड पडला.

शोध सुरू झाला. सरिता जाड तार छेडायची, बाकीचे मला दाबायचे. तिच्या बाबांनी, भैय्यालालनं, स्क्रू असे आवळले की दोन तुटले. वायरमन जीवन आला. "अर्थिंग सुकली बाप्पा. मीठ टाका." भोजनदानाच्या भाजीचं सगळं मीठ अर्थिंगच्या खड्ड्यात गेलं. झरझराट तसाच, वरून भाजी अळणी. मग त्यांनी माझी पाठ उघडली, तर आत उंदराचं घरटं!

"सापडला चोर!" भैय्यालाल नाचला.

सरितानं तार छेडली. झर्रर्र!

मग त्यांनी माझ्या पोटात जुनी गादी कोंबली. आता मी म्हशीसारखा हंबरायला लागलो, आणि झरझराट होताच. मूठ दाबली, जाळी दाबली, पाठ दाबली. प्रत्येक हात पाटीजवळ यायचा आणि बाजूनं निघून जायचा. अध्यक्षांच्या नावावर बोट कोण ठेवणार? मी आतून ओरडत होतो, अरे वर, जरासं वर!

ऊन कललं. धुरपताबाई दोन कोंबड्या काखेत घेऊन दारात येऊन बसल्या.

"बाबा, नाही होत मंग," सरिताचे डोळे भरले. "काढा वायर."

ती माझ्यावर डोकं टेकून बसली. उठताना एका हातानं गिटार सावरली, तार वाजली, आणि आधाराला दुसरा हात पडला तो नेमका पाटीवर. झरझराट बंद! हात उचलला, झर्रर्र. ठेवला, बंद.

"बाबा, हे पाटी हाये!"

भैय्यालालनं खिळा ठोकून पाहिला. कुजक्या लाकडात तो लोण्यात गेल्यासारखा गेला आणि बोटानं बाहेर आला.

"काढून टाकू," तो म्हणाला.

"पाटीले हात लावाचा नाही!" मधुकरराव गरजले. "गिटार काढा."

सरितानं डोळे पुसले. "ठीक हाये काका, पाटी राहू द्या. पन मंग तुमीच दाबून बसा नं. तुमच्या नावाले दुसऱ्यानं कायले हात लावाचा?"

सारं गाव बघत होतं. नाही कसं म्हणतील?

संध्याकाळी मंचावर सरिता वाजवत होती आणि माझ्याशेजारी स्टुलावर अध्यक्ष बसले होते, स्वतःच्या नावावर अंगठा दाबून. नाव अर्धं झाकलं गेलं, पण सूर स्वच्छ निघाला. मधेच माईकवरून पुकारा झाला, "आपले दानशूर मधुकरराव!" सवयीनं त्यांनी दोन्ही हात जोडले. झर्रर्र!

"काका, दाबा!" सारा मांडव ओरडला.

मित्रांनो, आम्हाला सुकं फडकं पुरतं, चिंचेचं पाणी नको. आणि आमचा आवाज बिघडला, तर कोंबड्या आणायच्या आधी एकदा सगळीकडे हात लावून बघत जा. तिथं नाव कोणाचंही असो.