मिठाची टोर्टिया

मंगळवारी सकाळी एवारिस्तोच्या दुकानात माझा हात हवेतच राहिला. त्याच्या मुलीने, यादिराने, किलोभर मक्याच्या टोर्टिया माझ्या फडक्यात बांधून दिल्या, पैसे गल्ल्यात टाकले आणि मागच्या बाईकडे बघितलं. मी मात्र तळवा पसरून उभीच. मशीनवरून उतरलेली एक गरम टोर्टिया हातावर पडायची, काउंटरवरच्या वाडग्यातलं चिमूटभर मीठ तिच्यावर भुरभुरायचं, गुंडाळी करायची आणि खात खात घरी जायचं, हे मी शाळेत जायच्या आधीपासून करत आलेय. आज वाडगाच जागेवर नव्हता.

"यादिरा, मीठ संपलं का गं?"

"मीठ आहे, माद्रिना. बाबांनी फुकटची टोर्टिया बंद केलीय." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मी हातात धरलं होतं, तिची धर्ममाता मी, त्यामुळे माझ्यासमोर तिला खोटं बोलता येत नाही.

"उद्या श्वास घ्यायचेही पैसे लावा," मागून कोणीतरी बोललं आणि सगळी रांग हसली. हसण्यात गोडवा नव्हता.

एवारिस्तो मशीनमागे मक्याच्या पिठाचा गोळा भरत होता. मी आत डोकं घातलं. यादिराच्या बाप्तिस्म्यापासून मी त्याची कोमाद्रे आणि तो माझा कोंपाद्रे. "कोंपाद्रे, हा काय नवा चिकटपणा?"

"चिकटपणा? कोमाद्रे, मका वाढला, मका शिजवायचा चुना वाढला, गॅसचा सिलिंडर तर विचारूच नका. दिवसाला आठ-नऊ किलो माल लोकांच्या तळहातांवर जातो माझा. आणि भाव वाढवायची सोय नाही. ते बघा!"

ते म्हणजे भिंतीवरचं हिरवं पोस्टर. 'इथे भाव वाढत नाही.' पालिकेने उन्हाळ्यात आमच्या आपिसाकोतल्या दुकानदारांना बोलावून सँडविच खाऊ घातलं, फोटो काढले आणि डिसेंबरपर्यंत किलोचा भाव चोवीस पेसोच ठेवायच्या करारावर सह्या घेतल्या. बदल्यात परवान्याची फी माफ. एवारिस्तो खूश होऊन घरी आला. महिन्याभरात पालिकेने कचऱ्याची पट्टी दुप्पट केली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. पालिकेला तरी काय म्हणायचं? त्यांनी रस्त्यावरचे दिवेसुद्धा एकाआड एक मालवले होते.

मी त्याच बाजूला, चार दारं सोडून, कपडे दुरुस्त करते. महागाई आली की माझं बरं चालतं, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. नवी पँट परवडत नाही म्हटल्यावर जुन्या पँटची चेन बदलायला माणसं येतात. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मला एवारिस्तोची रांग दिसते. मीठ बंद झाल्यावर ती रांग वितळायला लागली. आधी माझ्या दारापर्यंत यायची, मग दिव्याच्या खांबापर्यंत, मग नुसती चार डोकी.

मला नसत्या चौकशांची खोड आहे. नवरा असताना म्हणायचा, ओर्तेन्सिया, तू लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. असेन. पण इतकी माणसं जेवायची थांबली की काय, हे कळल्याशिवाय मला झोप येईना. म्हणून जो कपडे घेऊन येई त्याला मी मापं घेता घेता विचारायला लागले. कंबरेभोवती टेप असला की माणूस पळून जाऊ शकत नाही.

खाटीक म्हणाला, आम्ही आता कमी खातो. त्याच्या कंबरेकडे बघून मला ते पटलं नाही. फुलवाली म्हणाली, सुपरमार्केटमधून घेते, तिथं स्वस्त पडतं. भूगोल शिकवणारे ऑर्दोन्येस मास्तर म्हणाले, "डॉक्टरांनी मका बंद करायला सांगितलाय, सेन्योरा. साखर."

मिठाचं नाव एकानेही काढलं नाही.

शनिवारी मी दोरे आणायला पुलापलीकडे गेले. पूल ओलांडला की आमची पालिका संपते. तिथं एक टोर्टियाचं दुकान आहे, भिंतीवर पोस्टर नाही आणि किलोचा भाव सव्वीस. रांग कोपऱ्यापर्यंत. रांगेच्या पुढच्या टोकाला साखरेचे रोगी ऑर्दोन्येस मास्तर डोळे मिटून अंगठ्यावरचं मीठ चाटत होते. त्यांच्या मागे फुलवाली.

"मास्तर, हे औषध का?" मी विचारलं.

ते लालबुंद झाले. "सेन्योरा, एवारिस्तोला सांगू नका."

"पण इथं दोन पेसो जास्त घेतात की!"

"घेतात," ते गुंडाळीकडे बघत म्हणाले. "मलाही कळत नाही बघा. आयुष्यभर हिशेबाने वागलो. पण तिथं उभं राहिलं, हात पुढे गेला आणि तो रिकामाच परत आला, की भिकाऱ्यासारखं वाटतं."

हेच मला मंगळवारी वाटलं होतं, फक्त मी त्याला नाव दिलं नव्हतं. मी दोरे न घेताच परत फिरले.

एवारिस्तोला सांगितलं तर तो भडकला. "दोन पेसो जास्त? एका टोर्टियासाठी? कोमाद्रे, तुम्ही उन्हात फिरू नका."

"स्वतः जाऊन बघा."

"बघून काय करू? दर वाढवला तर दंड. न वाढवता मीठ ठेवलं तर गॅसवाला दारात." मग तो फडक्याला हात पुसत हळूच म्हणाला, "पुढच्या शनिवारी पुएब्लाहून एक जण मशीन बघायला येतोय. यादिराला मोंतेर्रेच्या कारखान्यात काम मिळतंय. मी जाईन भावाकडे."

हे मशीन त्याच्या आईने घेतलं होतं. त्याची करकर ऐकत माझी मुलं मोठी झाली, नवरा गेला त्या सकाळीही ती चालू होती. आता ती बंद होणार.

गुरुवारी पालिकेचे अधिकारी, लिसेन्सियादो बार्रिएन्तोस, पोस्टरांची तपासणी करायला आले. घामाघूम, पायी.

"गाडी कुठंय, लिसेन्सियादो?" मी रांगेतूनच विचारलं. रांग म्हणजे मी आणि एक म्हातारी.

"पेट्रोलचा कोटा कापलाय, सेन्योरा. आम्हीही माणसंच."

त्यांनी काट्यावर वजन ठेवून बघितलं. बरोबर. दर बघितला. बरोबर. मशीनपाशी उभं राहून ते आम्हाला महागाई कशी जगभरची आहे, युद्धं, दुष्काळ, डॉलर, सगळं समजावायला लागले. करकरत्या पट्ट्यावरून गरम टोर्टिया एकेक करून खाली येत होत्या. बोलता बोलता लिसेन्सियादोंचा उजवा हात पुढे आला, तळवा वर, बोटं जराशी वाकलेली. त्यांना पत्ताच नव्हता. ते डॉलरबद्दलच बोलत होते.

यादिराने बापाकडे बघितलं. म्हातारीने माझा दंड धरला.

"लिसेन्सियादो, हात," एवारिस्तो म्हणाला.

त्यांनी हाताकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्याचाच. "अरे! माफ करा. सवय. मीठ कुठंय?"

"ते करारात नव्हतं. बंद केलं. तुम्ही टोर्टिया कुठून घेता?"

लिसेन्सियादोंनी रुमाल काढून घाम पुसला.

"पुलापलीकडून?" मी टोचलं.

"बायको जाते," ते पुटपुटले. मग मान खाली घालून, "मीही जातो."

एवारिस्तो हसला नाही. स्टुलावर चढला, हिरवं पोस्टर चारही कोपऱ्यांनी अलगद सोडवलं आणि त्याची व्यवस्थित घडी घातली. मग काउंटरखालून मिठाचा वाडगा काढला, पट्ट्यावरची टोर्टिया उचलली, तिच्यावर चिमूट टाकली, गुंडाळी करून लिसेन्सियादोंच्या तळव्यावर ठेवली.

"आजपासून सव्वीस," तो म्हणाला. "करा काय करायचं ते."

लिसेन्सियादोंनी एक घास घेतला. दुसरा घेतला. खाताना कोणाला रागवता येत नाही, हे मी माझ्या मुलांवरून जाणते.

"दुकानाला सील ठोकायला गाडी लागते," शेवटी ते म्हणाले. "शिडी, दोन माणसं, सिमेंट. अर्ज केला तरी डिसेंबर उजाडेल." त्यांनी अंगठा चाटला. "डिसेंबरात करारच संपतो."

मी ही बातमी पुलाच्या दोन्ही बाजूंना पोचवली. त्याबद्दल कोणी मला नावं ठेवणार असेल तर खुशाल ठेवो.

शनिवारी पुएब्लाचा माणूस आला तेव्हा रांग माझ्या दारापर्यंत होती. दुकानात शिरायला वाट नव्हती, म्हणून बिचारा रांगेतच उभा राहिला, पुढे ऑर्दोन्येस मास्तर आणि मागे मी. काउंटरपाशी पोचल्यावर तो मशीनकडे बघत बोलायच्या तयारीत होता, तेवढ्यात यादिराने त्याच्या हातावर गरम टोर्टिया ठेवली.

"याचे किती?" त्याने विचारलं.

"याचे पैसे नसतात," एवारिस्तो म्हणाला.

"आणि मशीनचे?"

"मशीनला आज वेळ नाही, भाऊ. मागे माणसं खोळंबलीत. मीठ घ्या आणि पुढे व्हा."