उंदरांनी खाल्लेला चोथा

आमच्या प्रयोगशाळेत काहीही नवं आलं की आधी ते वाळवायचं, मग तोलायचं. बारा वर्षं मी डोळे झाकून तेच करत आले आणि त्याच सवयीनं माझा घात केला.

गाजराच्या चोथ्यातून आम्ही तंतू काढत होतो, केसापेक्षा हजारो पट बारीक. पाण्यात ते जेलसारखे दिसतात. खाण्यात मिसळले तर पोट साफ राहील, अशी आशा होती. पण इतकी बारीक वस्तू आतड्याला सोसते का, हे आधी बघायला हवं. म्हणून चोवीस उंदरांना चार आठवडे ती खाद्यातून दिली. एकही आजारी पडला नाही. आमच्या प्रमुख मॅडम खूश, मी खूश. आता माणसांची पाळी.

बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला, जेल पिऊन बघायला तयार झालेल्या तीस जणांची यादी हातात आली. नववं नाव माझ्या बाबांचं होतं.

"बाबा, निदान विचारायचं तरी मला!"

"त्यात काय विचारायचं? तू बनवलंयस ना? मग झालं तर. दहा वर्षं माझं पोट माझ्याशी अबोला धरून बसलंय."

"आणि अर्जात 'इथे कुणी नातेवाईक काम करतं का', त्यापुढे काय लिहिलंत?"

"नाही, म्हणून लिहिलं. उगाच तुझ्या वशिल्यानं आलो असं नको व्हायला."

हसावं की रडावं, कळेना.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी सगळं पुन्हा तपासायला घेतलं. ताजं जेल पाण्यात ढवळलं की पाणी धुरकट होतं आणि धुरकटच राहतं. उंदरांच्या खाद्यात मिसळलेली पूड थोडी उरली होती, ती मी दुसऱ्या ग्लासात ढवळली आणि चहा पिऊन आले. बघते तर सगळी पूड तळाशी आणि वर पाणी नितळ. सूक्ष्मदर्शकाखाली नुसते जाड पुंजके दिसले.

ओलं खाद्य बुरशी धरतं, म्हणून मीच ते जेल ओव्हनमध्ये खडखडीत वाळवून दळलं होतं. वाळताना तंतू एकमेकांना असे चिकटले की पुन्हा सुटलेच नाहीत. म्हणजे उंदरांनी महिनाभर खाल्ला तो साधा चोथा. माणसांना मात्र खरं जेल मिळणार होतं, फळांच्या रसातून.

हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. बाबांना गुपचूप नाव काढायला लावलं असतं की माझ्यापुरतं भागलं असतं. हा विचार मनात आला, आणि चांगला अर्धा तास मी तो घोळवला. लाज वाटते, पण आला. मग समोरच्या बाटल्यांकडे लक्ष गेलं. नववी बाजूला काढली तरी एकोणतीस उरत होत्या.

मी दोन्ही ग्लास उचलले आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवले. बाबांचंही सांगून टाकलं. मॅडमनी चष्मा काढला.

"चार आठवडे पाण्यात," त्या म्हणाल्या. मग नितळ पाण्याचा ग्लास हलवून पाहिला. "वडील यादीत नसते, तर तू हे तपासलं असतंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले.

"नोंदवहीत लिही सगळं, स्वतःच्या हातानं. आणि हेही लिही."

कंत्राट पुन्हा मिळालं, पण वर्षाऐवजी तीन महिन्यांचं. बाबांचं नाव कटलं. ते फुरंगटून बसले.

"एवढ्याशा खोट्यापायी मला काढलं? मग माझ्या जागी कोण?"

"असेल कुणीतरी. मला काय माहीत?"

"माझ्यासारखाच गांजलेला असणार बिचारा," बाबा म्हणाले. उठता उठता म्हणाले, "त्याचंही नीट बघ हो."

आता नवे चोवीस उंदीर आहेत. ओलं खाद्य मी रोज सकाळी ताजं कालवते आणि कालचं फेकते. पाठ मोडून येते. नववा क्रमांक कुणाला मिळाला, मी विचारलेलं नाही. ओव्हनच्या दारावर फक्त एक कागद चिकटवलाय, त्यावर नऊचा आकडा लिहिलाय. जुन्या सवयीनं जेलचं भांडं घेऊन तिथवर गेलेच, तर तो वाचून मागे फिरते.