लालबीचं हसू

पापाच्या तिकटीच्या नाक्यावर सिकंदर कल्हईवाल्याचा भाता फुसफुसायला लागला की समजावं, दिवस उजाडला. संस्थानच्या नव्या महाराजांना गादीवर येऊन चार-दोन वर्षं झाली होती. गावात आगगाडीबरोबर नव्या चाली उतरत होत्या. पांढऱ्याशुभ्र दातांची चाल त्यातलीच.

सिकंदरची बायको लालबी मिरजेची. निकाहाच्या दिवशी आईनं आपल्या बोटानं तिच्या दातांवर मिस्सी, दात काळे करणारी पूड, चोळली होती. त्या काळ्या झाकेवर लालबीचा फार जीव. आई गेली, पण तिचं बोट जणू तोंडात राहिलं होतं.

एके दिवशी सिकंदर कुपी घेऊन आला. "लाले, जुनी झाली ही रीत. पेठेतल्या बायका बघ, दात कसं चांदीवानी! ही लालासाब हकिमाची दवा हाय. तुज्या म्हायेरचीच की!"

माहेरचं नाव निघालं आणि लालबी विरघळली. दवा आंबट होती, दात आंबले. पण नवऱ्यानं आणलेली म्हणून तिनं रोज घासली. आईची मिस्सी चुळीबरोबर मोरीत वाहून गेली. दात असे लखलखले की सिकंदरनं तिला दुकानाच्या उंबऱ्यात आणून बसवलं.

"हस की जरा. पावण्यांना दिसू दे."

ती हसे आणि बायका कुप्या नेत. लग्नानंतर सिकंदरनं तिच्याकडे इतक्या कौतुकानं कधी बघितलंच नव्हतं. त्या बघण्यासाठी ती आणखी हसे.

पावसाळा सरला आणि रांजणातलं पाणी सुईसारखं टोचू लागलं. जात्यावर बसून ओवी म्हणावी तर गार वारा तोंडात शिरे आणि कळ मस्तकात जाई. ओवी अर्ध्यातच तुटे. दातांच्या कडा विरून काचेसारख्या पातळ झाल्या, लखलखाट जाऊन आतला पिवळा रंग वर आला.

सणाला माहेरी गेली तेव्हा ती थेट हकिमाच्या ओसरीवर गेली. म्हाताऱ्यानं तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं, दात पाहिले, मग तिनं पुढं केलेली कुपी हुंगली आणि झटक्यात दूर धरली.

"बेटी, ही माजी न्हवं. ह्यात तेजाब हाय. भांड्याचा कळंक काढायचं पाणी हाय हे."

लालबीनं दातांवरून जीभ फिरवली.

"दाताला वरून एक कवच असतंय, हाडाहून कठीण. ते तेजाबानं विरतं, मग आतला दात उघडा पडतो. म्हणून झोंबतंय."

"परत चढंल?"

"तांब्यावर कल्हई परत चढती. हे न्हाय चढत. उरलंय ते राखायचं. कुपी फेकून दे. राख, विटकरीची भुकटी लावू नको. आंबट खाल्लंस तर नुसती चूळ भर, लगोलग घासू नको. कळ आली तर लवंगेचं तेल लाव."

परतीच्या गाडीत तिनं मनातल्या मनात नवऱ्याची वकिली केली. त्यालाच कुणी फसवलं असेल. त्याला काय ठाऊक?

घरी आल्यावर तिनं बोटावर दवा घेतली आणि लाडानं म्हणाली, "आवो, पानानं किती रंगल्यात तुमचं दात! आणा, मी लावते."

सिकंदरनं तिचं मनगट असं धरलं, जणू तिच्या बोटावर इंगळच होता. "खुळी हायस का? मला कशाला?"

"हकिमाचीच न्हवं?"

तो भात्याकडे बघत राहिला. "जरा झोंबतं, ठाव हाय मला. पर खप बघ की किती हाय!"

म्हणजे ठाऊक होतं. तिच्या तोंडात घालायच्या आधीपासून.

दुसऱ्या पहाटे जात्यावर ती पुटपुटली, दात न उघडता:

*मुखातलं गं मोती, दिलं सख्याच्या मी हाती*
*लखलख करता करता, त्यानं घासून केली माती*

चैत्रात जोतिबाची यात्रा आली. गुलालानं माखलेले यात्रेकरू परतताना भांडी घ्यायला तिकटीला थांबत. कागलकडची शालूबाई नुकत्या लग्न झालेल्या लेकीला घेऊन उभी राहिली. पोरीच्या दातांना लग्नात आईनं लावलेल्या दातवणाची काळी रेघ होती.

"सासरी काळं दात आवडत न्हाईत म्हणं," शालूबाई म्हणाली. "तुमची दवा द्या की."

सिकंदर कुपी शालूबाईच्या हातात देऊन मागं वळला. "लाले, तितनंच सावलीतनं हसून दाखव."

लालबी उठली. पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून होती. लालबीनं रांजणातून तांब्या भरला आणि दोघींच्या समोर गार पाण्याचा घोट घेतला. कळ अशी उठली की डोळ्यांतून पाणी आलं, भिंत धरावी लागली. मग तिनं ओठ वर ओढून विरलेल्या कडा उन्हात धरल्या.

"हे बघ, पोरी. भांड्याच्या तेजाबानं झालंय हे. तुज्या आयनं लावलेलं काळंच बरं. ऱ्हाऊ दे."

पोरीनं पटकन हात तोंडावर नेला. शालूबाईनं कुपी फळीवर ठेवली, लेकीचा दंड धरला आणि दोघी गर्दीत मिसळल्या.

सिकंदरच्या हातातला चिमटा खाली पडला. "आपल्याच माणसाला दगा दिलास, लाले?"

"दगा?" लालबी फळीवरच्या कुपीकडे बघत म्हणाली. तेवढा शब्द उच्चारतानाही वारा दातांना लागला. पदर तोंडाशी धरून ती लवंगेचं तेल शोधायला आत गेली.