तोलेदोची काळी पेटी

रसायनांच्या कारखान्यात जर्मन लोक ह्यांना ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत, मराठी मंडळात राजाभाऊ. माझे नुसते ‘अहो’. निवृत्तीनंतरही आम्ही लुडविग्सहाफेनलाच राहिलो, कारण ह्यांना तिथली ऱ्हाइन नदी सोडवेना.

आमची मुलगी मुक्ता लहान असताना आम्ही स्पेनला गेलो होतो. तिथे तोलेदोच्या एका दुकानातून ह्यांनी दागिन्यांची जुनी पेटी घेतली. तेव्हाच ती शंभरीला आलेली. काळ्याभोर लोखंडावर सोन्याचांदीच्या वेली आणि पक्षी, आपल्या बिदरीच्या जातीचं काम. घरी पाहुणे आले की हे ती मांडीवर घेऊन समजावत, लोखंडावर आधी बारीक चरे पाडतात, त्यांत तार ठोकून बसवतात आणि मग लोखंड मुद्दाम काळं करतात. हा मळ नव्हे, असं शेवटी बजावत. मी रसायनशास्त्र शिकले नाही, पण तेवढं मलाही पाठ झालं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ह्यांचं विसरणं फार वाढलं. एका सकाळी बघते तर सिंकपाशी उभे राहून चिंच-मीठ लावून हे पेटी घासतायत. लहानपणी साताऱ्याला गौरी-गणपतीआधी पूजेची भांडी घासायचं काम ह्यांच्याकडे आणि थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे असे.

मी पेटी काढून घेतली, पण एक चांदीचा पक्षी गेलाच होता. मुक्ताला तिच्या घरी, गार्चिंगला फोन केला. ती म्हणाली, पेटी कुलपात ठेव आणि बाबांना दुसरं काहीतरी घासायला दे. समई दिली, तांब्या दिला. ते चटकन उजळत. मग हे ते बाजूला सारून काळं भांडं शोधत घरभर फिरत, उशांखाली बघत. आई रागावेल म्हणून जेवेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आल्झो, तर मग, ज्यानं शांत राहतात ते करू द्या.

कपाटाचं कुलूप मीच काढलं.

हे घासत राहिले, मी शेजारी स्टूल घेऊन बसले. गढूळ तपकिरी पाणी वाहत होतं. सोन्याची तार सुटून केसासारखी जाळीवर अडकली. पहिल्या दोन-चार तारा मी वेचल्या, मग सोडून दिलं. ह्यांच्या बोटांची सालं निघायला लागली होती.

“अहो, पुरे आता.”

‘अहो’ला हे हल्ली ओ देत नसत. माझ्याकडे वळले ते रडवेल्या तोंडानं. “अक्का, बघ ना गं, अजून काळंच आहे.”

ह्यांचं नाव मी जन्मात उखाण्यापुरतंच घेतलं होतं.

“राजा,” मी म्हटलं, “झालं रे. लख्ख झालं. आण इकडे, मी पुसते.”

ह्यांनी लगेच पेटी माझ्याकडे दिली आणि ओले, लाल झालेले हात पुढे करून उभे राहिले. मी आधी ते पुसले.