दोघींचीच बोली

ज्येष्ठातली दुपार. सातपुड्याच्या धूम्रनील कड्यांवरून तापलेला वारा खाली उतरत होता आणि रावेरच्या शिवारातल्या केळीच्या बागा त्याच्याशी झुंजत उभ्या होत्या. पानं फाटत होती. फाटलेली पानं फडफडत होती. हिरव्या चिंध्यांचा एक अथांग समुद्र उन्हात उसळत होता, कोसळत होता, पुन्हा उसळत होता, आणि त्याच्या घोषानं दिशा भरून गेल्या होत्या.

त्या घोषाच्या अगदी मध्यावर, बागेच्या बांधाला, इंदुमती झोपे डबा उघडून बसली होती. आणि तिच्यापर्यंत त्यातलं काहीही पोचत नव्हतं.

तीन वर्षांची असताना एका तापानं तिचे कान नेले. कानांमागोमाग जीभही मुकी झाली. शाळेनं तिला घेतलं नाही, गाण्यानं तिला घेतलं नाही, आणि बायकांच्या दुपारच्या गप्पांनी तिला फक्त बसायला जागा दिली. त्या अथांग, अनाहत शांततेत इंदुमती वाढली, सुंदर झाली, आणि दिगंबर झोप्याच्या घरी नांदायला आली.

दिगंबरनं तिला बोलायला शिकवलं नाही. त्यानंच तिचं बोलणं शिकून घेतलं. संसाराच्या पहिल्या वर्षात दोघांनी मिळून हातांची एक बोली घडवली. ओंजळ म्हणजे पाणी. गालावर टेकलेला तळवा म्हणजे रात्र. मिशीवरून फिरलेलं बोट म्हणजे तो स्वतः. आणि पुढे मुलगी झाली, तिच्या डाव्या गालाला खळी पडली, तेव्हा गालात रुतवलेलं बोट म्हणजे हेमांगी.

तीन माणसांची बोली होती ती. हेमांगी नववीत असताना दिगंबर छातीच्या कळेनं गेला, आणि बोलणारी दोनच माणसं उरली. साऱ्या पृथ्वीवर दोघीच.

आता हेमांगी एकवीस वर्षांची होती. फैजपूरच्या कॉलेजात ती रोज एसटीनं गेली होती आणि रोज दिवेलागणीच्या आत परतली होती. संख्याशास्त्रात ती विद्यापीठात पहिली आली होती. आणि या ज्येष्ठात तिच्या मोबाईलवर पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाचे दोन निरोप येऊन बसले होते. एक जळगावचा. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, रात्रीचा घास आईच्या ताटाशेजारी. दुसरा दूर पूर्वेच्या कोलकात्याचा, एका मोठ्या नावाच्या संस्थेचा, शिष्यवृत्तीसह. तो वाचून तिचे सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. “हेमांगी, आता मागं वळून बघू नकोस,” असं ते म्हणाले होते.

मागं वळून बघू नये, तर बघावं कुठं? मागं आई होती.

रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्या दुपारी हेमांगी बागेत आली, आईसमोर बसली, आणि तिनं आपले दोन्ही हात मोकळे केले.

तिनं तळवे जोडून उघडले. पुस्तक. इंदुमतीनं मान डोलावली. हे तिला ठाऊक होतं.

तिनं मुठी पुढंमागं फिरवल्या. आगगाडी. तिनं हात उगवतीकडे लांब, लांब, लांब फेकला. दूर. मग तळवा गालाला टेकवला. रात्र. पुन्हा रात्र. पुन्हा रात्र.

इंदुमतीचा घास हातात राहिला. पुस्तकं तर रोज संध्याकाळी घरी येतात. पुस्तकांना रात्र नसते. तिनं मावळतीकडे बोट दाखवून विचारलं, संध्याकाळी येशील ना?

हेमांगीनं मान हलवली. नाही.

किती काळ? त्या बोलीत वर्ष नव्हतं. त्या बोलीत केळी होती. हेमांगीनं विळ्यानं घड कापल्याची खूण केली, एकदा, आणि पुन्हा एकदा. केळीची दोन पिकं. दोन कापण्या होतील, आई, आणि मी परत येईन.

इंदुमती थबकली. मग तिच्या उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर काहीतरी उमलू लागलं, हळूहळू उमलू लागलं, जसं पहाटेचं पहिलं तांबडं विहिरीच्या काळ्या पाण्यावर उमलतं. केळीच्या चिकानं काळवंडलेली तिची बोटं वर उठली. त्यांनी गळ्याभोवती एक वर्तुळ रेखलं. आणि मग चिमटीतून, हेमांगीच्या डोक्यावर, न दिसणाऱ्या अक्षता पडल्या.

लग्न?

हेमांगीनं जोरात मान हलवली. नाही, नाही. पण लाजणारी मुलगीही मान अशीच हलवते. तिनं पुन्हा पुस्तक उघडलं, पुन्हा गाडी चालवली, पुन्हा विळा फिरवला. इंदुमती हसत होती. दूरचं सासर, केळीच्या बागांचं घर! आणखी काय हवं? तिनं लेकीला ओढून छातीशी घेतलं, आणि त्या मुक्या छातीतलं हसू हेमांगीच्या गालाला थरथरत जाणवलं.

गेल्या तीन वर्षांत दोन स्थळं येऊन परतली होती. दारात इंदुमतीला पाहून पाहुण्यांचे चेहरे बदलले होते. शब्द ऐकू येत नसलेल्या बाईला चेहरे फार लवकर वाचता येतात. मुकीची पोर म्हणून माझी लेक राहिली, हे शल्य तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या बोलीत त्याला खूण नव्हती.

संध्याकाळी शेजारच्या सिंधूकाकू आल्या. दिगंबरच्या धाकट्या भावाची बायको. हेमांगी गेलीच, तर इंदुमती त्यांच्याच ओसरीवर राहायची होती. जेव, ये, झोप, एवढ्या तीन खुणा त्यांना येत होत्या.

“काकू, आईचा गैरसमज झाला गं. तिला वाटतं, माझं लग्न ठरलं.”

सिंधूकाकूंनी इंदुमतीकडे पाहिलं. ती चुलीपुढे शेवया भाजत होती आणि तिचे डोळे फाल्गुनातल्या पळसासारखे पेटले होते.

“मग वाटू दे ना, माय,” काकू हलकेच म्हणाल्या. “इतक्या वर्षांत तिले असं हसताना पाह्यलं नाही मी.”

“पण हे खोटं आहे ना!”

“हाये. पन खरं तिले सांगशीन कसं?”

हेमांगीनं वही आणि पेन्सिल घेतली. तिनं प्रयत्न केले. कागदावर चित्रं काढली. मुली काढल्या, फळा काढला. इंदुमतीला त्यात करवल्या आणि आंतरपाट दिसला. तिनं मोबाईलवर त्या संस्थेची इमारत दाखवली. उंच, पांढरी, खांबांची, पुढे गुलमोहर. इंदुमतीनं दोन्ही हात कपाळाशी नेले. एवढं मोठं घर! आणि तिनं लेकीच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

अर्थ जितका समजवावा तितका दूर जात होता. जाळ्यातल्या पाखरानं पंख झाडावेत आणि जाळं अधिकच गुंतावं, तशी हेमांगी गुंतत गेली.

आता जळगाव म्हणावं, तर आईच्या लेखी ठरलेलं लग्न मोडणार. पुन्हा मोडणार, आणि या वेळीही आपल्यामुळेच मोडलं असं तिला वाटणार. कोलकाता म्हणावं, तर तिचा आनंद एका नसलेल्या माणसाच्या खांद्यावर उभा राहणार. दोन्ही वाटांवर आईच होती, आणि दोन्ही वाटांवर तिला दुखावल्याशिवाय पाऊल पडत नव्हतं.

रविवारी हेमांगीनं कोलकात्याला होकार कळवला. तो होकार कुणाचा होता, हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. तिच्या बुद्धीचा? सरांच्या त्या वाक्याचा? की आईच्या चिमटीतून पडलेल्या, कुणालाही न दिसलेल्या त्या अक्षतांचा?

मग आषाढ आला. करडे ढग सातपुड्याला टेकले. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून झाली, कुरडयांचे डबे भरले, हिरव्या बांगड्या आल्या. निघायच्या दिवशी सकाळी इंदुमतीनं वाटीत हळद कालवली आणि लेकीसमोर बसली. हेमांगीनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर खाली घेतली.

आणि हेमांगीनं चेहरा पुढे केला. हळद गालांना लागली, कपाळाला लागली, हातांना लागली. थंड, पिवळी, सुगंधी. परीक्षांत कधी न चुकलेली ती मुलगी डोळे मिटून बसली होती, आणि एका लग्नाविना तिला हळद चढत होती.

भुसावळच्या फलाटावर माणसांचा पूर लोटला होता. इंदुमती जरीकाठी पातळ नेसून, काकूंसोबत आली होती. तिची नजर माणसामाणसावरून फिरत होती. हा? की तो? की तो पलीकडचा, उंच? तिनं हेमांगीच्या कोपराला हलकेच ढोसलं आणि भुवया उंचावून विचारलं, कुठंय?

गाडी आली. डब्याच्या दाराशी रेटारेटी झाली. हेमांगीची लोखंडी पेटी उचलेना, तेव्हा एक तरुण पुढे झाला. पांढरा सदरा, कोवळी मिशी. आपल्या बहिणीला बसवून द्यायला तो आला होता. “द्या इकडे, ताई,” म्हणत त्यानं पेटी खांद्यावर घेतली, हेमांगीला वाट करून दिली, आणि तिच्यामागोमाग डब्यात चढला.

इंदुमतीनं पाहिलं. आणि तिचं सगळं अस्तित्व जणू डोळ्यांत येऊन उभं राहिलं.

पेटी ठेवून तो दाराशी आला, तेव्हा तिनं हात उंचावून त्याच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. तो गोंधळला. मग कुणाची तरी आई आहे, एवढंच जाणून, दारातूनच वाकून त्यानं तिला नमस्कार केला. खिडकीतून हेमांगी पाहत होती. “काकू!” ती ओरडली. “काकू, सांग ना गं तिला!”

काय सांगणार काकू? जेव, ये, झोप.

शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. आणि तो तरुण बहिणीला हात करून, सहज, खाली उतरला. गर्दीतून वाट काढत जिन्याकडे चालू लागला.

इंदुमतीनं त्याला जाताना पाहिलं. चालत्या गाडीत एकटी लेक पाहिली. तो पाठमोरा पांढरा सदरा पाहिला. आणि तिच्या कंठातून एक आवाज फुटला. शब्दहीन, आकारहीन, आयुष्यभर कोंडलेला, तिनं स्वतः कधीही न ऐकलेला तो आवाज. सारा फलाट वळून पाहू लागला. ती त्याच्यामागे धावली, मग गाडीमागे धावली, मग दोन्हींच्या मध्ये उभी राहिली आणि तिला कुठं धावावं ते कळेना.

हेमांगी माणसं लोटत दाराशी आली होती. एका हातानं दांडा धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं, आणि पुस्तक उघडायला दोन हात लागतात. तिनं एकच तळवा उघडला. पुन्हा मिटला. पुन्हा उघडला. दुरून तो नुसता निरोपाचा हात दिसत होता.

कोलकात्यात पाऊस होता, तळी होती, काठाला जलपर्णीची जांभळी फुलं होती. वसतिगृहाच्या जेवणघरात चहूबाजूंनी गोड, गोल, ओली बोली वाहत होती, आणि तिच्यातला एक शब्दही हेमांगीला कळत नव्हता. वाढणाऱ्या मावशी काहीतरी विचारत. हेमांगी नुसती हसे. सगळे हसले की तीही हसे, थोडी उशिरा. आई लग्नाच्या पंगतीत अशीच हसते, हे तिला आठवे, आणि ताटातला भात तसाच राही.

चौथ्या दिवशी काकूंच्या मोबाईलवर चित्रासह बोलणं जुळलं. हेमांगीनं आपला मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला, दोन्ही हात मोकळे केले, आणि मनात जुळवून ठेवलेलं सगळं ती सांगू लागली. पुस्तक. फळा. मुली, खूप मुली. नवरा नाही. तो माणूस कुणीच नव्हता. मी सुखरूप आहे. मी येईन.

पडद्यावर इंदुमतीचा चेहरा आला. ओसरीवरच्या सावळ्या उजेडात तो उतरलेला, सुकलेला दिसत होता. डोळे सुजले होते. चेहऱ्याखाली गळा होता, आणि गळ्याशी पडदा संपत होता.

“दिसते ना आई? बोल, बोल,” काकू मोठ्यानं म्हणाल्या.

“काकू, मोबाईल मागं घे. तिचे हात दिसू दे मला.”

“काय म्हन्तेस? आवाज तुटतोय!”

“हात, काकू! तिचे हात!”

काकूंना वाटलं, चेहरा नीट दिसत नसावा. त्यांनी मोबाईल आणखी जवळ नेला. इंदुमतीचा चेहरा वाढला, वाढत गेला, पडदाभर झाला. डोळे, भिजलेल्या पापण्या, थरथरणारा ओठ. तिचे खांदे मात्र हलत होते. एकदा हा खांदा, एकदा तो. कधी सावकाश, कधी वेगानं.

आई बोलत होती. रागावत होती की समजावत होती, ये म्हणत होती की राहा म्हणत होती, कोण जाणे. खांदे हलत होते, हलत होते, आणि तिचं सारं बोलणं पडद्याच्या खालच्या काठाखाली, जिथं लेकीची नजर पोचत नव्हती तिथं, ओघळत होतं, ओघळत होतं, ओघळत राहिलं होतं.