झाडाखालची दुसरी मुलगी

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. अंगणात खेळतात तसला नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. मला हात-पाय नाहीत, म्हणून मला झीजही नाही असे लोक समजतात. ते खरे नाही. समजून न घेता खेळले, तर खेळही झिजतो. माझ्यावर ती वेळ आली होती, म्हणून आज थोडे रागानेच बोलणार आहे. तुम्ही ऐकून घ्याल ना?

माझा जन्म गोंडपिपरीचा. त्या काळी तिथे खुर्शीदाबाई संगणकाचा वर्ग चालवत. एक खोली, एकच यंत्र आणि दाराबाहेर चपलांचा ढीग, एवढाच तो वर्ग. जंगलातल्या गावाहून बुधरी नावाची मुलगी तिथे टायपिंग शिकायला येई. मोहफुले पडू लागली की मात्र ती पहाटेच जंगलात फुले वेचायला जाई आणि वर्गाला दिसत नसे.

"येवढ्या पहाटे एकटी जाते, भेव नाई लागत तुले?" बाईंनी तिला एकदा विचारले.

बुधरी हसली. "एकटं कोन जाते, बाई? एकीनं वेचाचं, एकीनं पाहाचं. अस्वल आलं का पाहणारी हाक मारते. वेचणारीचे हात तं फुलात रायते ना."

बाईंनी मला घडवले ते या बोलण्यावरून. काळ्या पडद्यावर हिरवे झाड, खाली पिवळी फुले, टोपली घेतलेली एक मुलगी, आणि झाडाच्या बुंध्याशी उभी असलेली दुसरी. खेळायला दोघे लागत. एकाने डाव्या हाताने मुलीला चालवायचे आणि उजव्याने फुले उचलायची. अस्वल येताना दिसले की दुसऱ्याने कळफलकाच्या टोकाची कळ दाबायची. मग बुंध्याजवळची मुलगी हाक मारी, यंत्रातून टुईक असा आवाज निघे आणि अस्वल परत फिरे. हाक चुकली तर टोपली सांडे. मग दोघांचे जे भांडण जुंपे ते ऐकण्यासारखे असे.

"तू कुठी पाहून राह्यली होती?"

"तूच हावरट आहे. त्या कोपऱ्यातल्या फुलाले काऊन गेली?"

किती छान दिवस होते ते! पुढे वर्ग बंद पडला. काही वर्षांनी खुर्शीदाबाई आजारात गेल्या. मला घडवताना त्यांनी लिहिलेल्या सूचना एका फ्लॉपीत होत्या. तिच्यावर पावसाळ्यात बुरशी चढली. उरलो मी, जुन्या यंत्रात चालता येण्यापुरता. मला आतून वाचण्याची सोय आता कोणाकडे नव्हती.

ते यंत्र बाईंच्या भाचीकडे, उमेराकडे आले. उमेरा पोंभुर्ण्याजवळच्या एका निवासी शाळेत संगणक शिकवू लागली होती. यंत्र तिने शाळेतच आणून ठेवले. साल २००७. शाळेत नवे संगणक यायचे होते आणि मुख्याध्यापकांनी सांगून टाकले होते, "मॅडम, नवे आले का हे जुनं धूड भंगारात. खोलीत जागा नाई."

उमेरासाठी मी नुसता खेळ नव्हतो. तिच्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, हातचे एवढेच काय ते शिल्लक होते. मला नव्या संगणकांवर नेता येईल का, हा प्रश्न घेऊन ती आपल्या धाकट्या भावाकडे, सलमानकडे गेली. तो नागपुरात संगणकाचेच शिकला होता.

सलमानने एक मुक्त इंजिन निवडले. मित्रांनो, खेळाचे इंजिन म्हणजे चित्रे हलवणारी, आवाज काढणारी, कोणती कळ दाबली ते ओळखणारी तयार यंत्रणा. मुक्त अशासाठी, की तिच्या आतले सगळे लिखाण कोणालाही वाचता येते आणि बदलताही येते. ते बुरशीने जाणार नव्हते. मलाही ते पटले. पण इंजिनाला माझे नियम सांगायचे, तर आधी ते कळायला हवेत ना? वाचता येत नव्हते, तेव्हा उमेरा मला खेळून पाहू लागली आणि दिसेल ते सलमानला सांगू लागली.

खेळली ती एकटीच! माझा धीर तिथेच सुटला.

"अस्वल आलं का टोपली सांडतेच. दर वेळी. इथी काहीतरी बिघाड आहे," ती सलमानला म्हणाली.

"आपा, जुन्या खेळात असे बिघाड असतेच. काढून टाकू अस्वल."

"अन ही झाडाखालची मुलगी? हालत नाई, बोलत नाई."

"ते चित्र आहे. झाडाच्या चित्रातच मिसळून टाकतो तिला."

मी आतून ओरडत होतो. अरे, ते चित्र नव्हे! तिच्यासाठी तर मी जन्मलो! पण माझ्या ओरडण्याला कळ लागते आणि ती कळ दाबायला शेजारी कोणी नव्हते. सलमान हुशार होता. जुने यंत्र मंद म्हणून माझे अस्वल सावकाश चाले. नव्यावर ते चित्त्यासारखे धावले असते, हे त्याने आधीच ओळखले. पण एवढे ओळखूनही त्याने ते अस्वलच काढून टाकले. नवा खेळ तयार झाला. रंग सुरेख, फुले टपोरी. मुलगी वेचते आहे, वेचतेच आहे. उमेराने तो सलमानच्या संगणकावर थोडा खेळून पाहिला आणि जांभई दिली. फुफीने असा खेळ का केला असेल, हे तिलाच कळेना.

मग नव्या संगणकांसाठी खोली रिकामी करायची ठरली आणि यंत्र भंगारात जायचा दिवस आला. जाण्याआधी मुलांना एकदा खेळू द्यावे, म्हणून उमेराने ते सुरू केले. रंजीता बसली. पण एकच यंत्र म्हटल्यावर सुनिल शेजारी घुसणारच. रंजीताचे दोन्ही हात अडकलेले पाहून त्याने उरलेल्या कळा दाबून पाहायला सुरुवात केली.

टुईक!

अस्वल मागे फिरले. "अवो मॅडम, हे पोरगी बोलते," सुनिल म्हणाला.

उमेरा त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग दोघांना पुन्हा खेळायला लावून तिने सलमानला फोन केला. "खेळ नेता येते, हे खरं. पण तू नेलेला तो खेळच नाई. अस्वल पाहिजे, अन ते मुलगी पाहिजे."

"आता? आपा, झालं होतं ना सगळं."

"नाई झालं."

सलमान कुरकुरला, पण त्याने काम केले. दुसरी मुलगी झाडातून पुन्हा बाहेर आली.

इथे माझी गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण नवे संगणक आले ते लाकडी फळ्यांच्या खणांत. कोणी दुसऱ्याचे पाहू नये म्हणून मध्ये उभ्या फळ्या, आणि एका यंत्राला एकच खुर्ची. उमेराने हरकत घेतली. "एकाला एक मिळून राह्यलं, तरी तुमची तक्रारच," मुख्याध्यापक म्हणाले. मी नव्या यंत्रात होतो, सगळा नीट होतो आणि तरी कोणालाच खेळता येत नव्हतो. जो तो आपल्या खणात. टोपल्या सांडत होत्या.

मग एका तासाला रंजीताने फळीवरून मान वर काढली. "सुनिल, ये ना बे. अस्वल आलं."

"मी माया खेळात आहो."

"तुयं रायू दे. माई टोपली सांडते."

सुनिल खुर्ची ओढत आला. त्या आवाजाने मुख्याध्यापक दारात आले. "हे काय? एकावर दोघं?"

"सर, खेळच तसा आहे," उमेरा म्हणाली आणि जागची हलली नाही. ते पाहत राहिले, मग निघून गेले.

मित्रांनो, जुनी वस्तू नव्या जागी नेताना तिचा जो भाग निरुपयोगी वाटेल, तो लगेच टाकू नका. आधी शेजारी कोणाला तरी बसवा आणि पुन्हा पाहा. माझे एवढेच मागणे आहे.

त्या फळ्या अजून तशाच आहेत. रोज कोणीतरी त्यांवरून मान वर काढून हाक मारते. रोज एखादी खुर्ची ओढली जाते. पण एखाद्या लाजऱ्या मुलीची हाक घशातच राहते आणि तिची टोपली सांडते. तेवढ्यासाठी तरी त्या फळ्या कोणी काढाल का?