पापी बॅटरी

साहेब, बाबाचं नंतर बघू, आधी तुमचं. औषधं घरपोच देणाऱ्या या गोदामात उबदार खोली एकच होती. रात्री सगळ्यांच्या इलेक्ट्रिक सायकलींच्या बॅटऱ्या तिथे राहायच्या. ऐन थंडीच्या तोंडावर तुम्ही बॅटऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये हाकलल्यात आणि खोली दिलीत चार्जरबाबाला, म्हणे कृपेनं बॅटरी जागी करणाऱ्या बुवाला. मी तुमच्याच गोदामातला सायकल मेकॅनिक. शाळा सातवीत सुटली, पण बॅटरी उघडून बघायला पदवी लागत नाही.

सकाळी सातला त्या खोलीसमोर रांग. पन्नासेक डिलिव्हरीवाले, तान्हं पोर धरावं तशी प्रत्येकाच्या छातीशी बॅटरी. रात्री चार्जिंग झालेली, पण शेडमध्ये गारठून चार्ज दाखवणाऱ्या पाच काड्यांतली एकच पेटलेली. आत गादीवर बाबा, अंगावर लोकरीची शाल, शेजारी लालभडक हीटर.

"बॅटरीत प्राण असतो, लेकरांनो. तुमच्या मनाची मरगळ तिच्यात उतरते. ठेवा माझ्या पायाशी. दीड तास, आणि शंका न घेता."

दीड तासानं काड्या चार. लोक वाकायचे. बाबाच्या पायांना शिळ्या तेलाचा वास यायचा, आणि त्या पायांवर कमावत्या माणसांची डोकी टेकलेली दिसली की मी तोंड फिरवायचो.

त्यावर तुमचा नियम. बॅटरी रस्त्यात तीनदा बंद पडली की डिलिव्हरीवाल्याचं मन अशुद्ध, काम बंद. माझ्या धाकट्या बहिणीची दोनदा पडली होती. दुसऱ्या वेळी पिशवीत एका म्हाताऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. सायकल ढकलत ती चढ चढली, बोटं निळी करून पोचली. दुसऱ्या दिवशी गोदामाच्या फळ्यावर 'अशुद्ध मन' म्हणून तिचं नाव.

"दादा, माझं मन अशुद्ध कधीपासून रे?"

"लहानपणापासून. माझ्या पेन्सिली चोरायचीस."

"मस्करी नको. आणखी एकदा पडली की घरी बसायचं. दोन पोरांना काय घालू?" मग म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी मी बॅटरी घरात ठेवली होती, पलंगाखाली. सकाळी चार काड्या. तिथे कुठला बाबा होता?"

"मग बाबा करतो तरी काय?"

"गरम खोलीत बसतो. बॅटरीही बसते."

आम्ही दोन बॅटऱ्या घेतल्या. तिची पूर्ण भरून रात्रभर शेडमध्ये ठेवली. माझी पार रिकामी केली आणि तीही शेडमध्येच ठेवली. सकाळी दोन्ही बाबाच्या पायाशी.

"बाबा, एक माझी, एक दादाची," बहीण म्हणाली. "कोणती कोणाची ते तुम्हीच सांगा. तुम्हाला मनं दिसतात."

"कळेल. बॅटरी स्वतः सांगेल."

दीड तासानं एकीवर चार काड्या, दुसरी मढ्यासारखी गप्प. बाबानं डोळे मिटून बोट दाखवलं. "उठली ती दादाची. पडून राहिली ती या पापिणीची."

बहिणीनं दोन्ही बॅटऱ्या उलट्या केल्या. तळाशी कंपनीचे नंबर होते, आणि माझ्या हातात गोदामाची नंबरांची यादी. "वाचा कोणीही. उठलेली माझी आहे."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे दादा पापी?"

"दादाची रिकामी होती. रिकामी बॅटरी बाबाच काय, त्याचा आजा आला तरी उठायची नाही. माझी भरलेली होती, फक्त गारठली होती. थंडीत आपली बोटं आखडतात ना, तशीच. ऊब मिळाली की मोकळी होते. हा माणूस तुम्हाला तुमच्याच खोलीतली ऊब देतोय आणि वर पाया पडून घेतोय."

बाबा म्हणाला, "शंकेनं ऊर्जा विटाळली." कोणी वाकलं नाही. दुपारी शाल गुंडाळून तो पसार झाला. जाताना हीटरही नेला.

रांगेतल्या माझ्या माणसांनो, तुमच्यावरही राग आहे. दीड तास उभे राहिलात, एकानंही विचारलं नाही की शेजारच्या कॅन्टीनमध्ये ठेवली तर काय होईल. आता ऐका. बॅटरी रात्री घरात आणा. गोठलेल्या बॅटरीला लगेच चार्जर लावू नका, ती आतून कायमची खराब होते. तासदोन तास खोलीत ठेवा, मग लावा. हीटरला चिकटवू नका. आणि कोणी मनाचा दोष सांगितला, तर आधी थर्मामीटर मागा.

साहेब, बाबा पळाला, तुम्ही खुर्चीतच आहात. शुक्रवारी बहिणीच्या हातात कागद ठेवलात, 'आजपासून काम बंद'. तिची बॅटरी तिसऱ्यांदा पडलेली नाही. कागदावर 'कारण' असा रकाना आहे आणि तो तुम्ही कोरा सोडलाय. तो तुमच्या हातानं भरा, खाली सही करा, फळ्यावर लावा. काय लिहिणार आहात?